आल्यासारखं

"तो आल्यासारखा चालला."

येळ्ळूरहून सायकलवर माझ्या क्लासला येणाऱ्या एका पोराच्या वहीत हे वाक्य होतं. अक्षर वळणदार, शाई निळी, चूक एकही नाही. मी वाचून पुढच्या वहीकडं हात नेला आणि थांबले. हा माणूस आला कधी आणि चालला कुठं?

मूळ इंग्रजी वाक्य गाइडमधलं. एक म्हातारा ओल्या फरशीवरून 'जिंजरली' चालत गेला. क्रियाविशेषण ओळखा आणि मराठीत भाषांतर करा. पोरानं सरळ हिशेब मांडला होता. जिंजर म्हणजे आलं. शेवटी 'ली' लागलं की कसं, कशासारखं ते कळतं. म्हणून आल्यासारखा. बाकीच्यांना मी वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर्ग फुटला. एकीनं तर "आल्यासारखं जेवूनच जा म्हणावं त्याला," असं म्हणून टाकलं.

माझा क्लास बेळगावच्या वडगावात, घराच्या माडीवर भरतो. दहावीची मुलं, मराठी माध्यमाची. कुणी विणकरांच्या घरातली, कुणी येळ्ळूर-धामण्याकडच्या शेतकऱ्यांची. शेजारी माग चालू असला की त्याच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवावं लागतं. सवय आहे. हसणं थांबल्यावर मी माझं ठरलेलं स्पष्टीकरण काढलं. आलं तिखट, म्हणून आपण ते दाताखाली जपून, बेताबेतानं घेतो. तसं जपून चालणं म्हणजे जिंजरली. हे मला माझ्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या सरांनी सांगितलं होतं आणि मी ते बावीस वर्षं पुढं सांगत आलेय. कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

त्या पोरानं घेतली. "टीचर, पण तिखट आलं चावल्यावर माणूस नाचतंय की. सावकाश कुठं चालतंय?"

मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. बावीस वर्षांत हे वाक्य मी फार कमी वेळा वापरलंय.

रात्री भांडी आवरून बसले आणि शोधायला लागले. पहिल्या दहा मिनिटांतच सरांचं आणि माझं आलं पाण्यात गेलं. जिंजरलीचा आल्याशी संबंध नाही. शब्द इंग्रजीत दिसतो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेव्हा त्याचा अर्थ घाबरत, जपून असा नव्हताच. नाचताना किंवा चालताना लहान लहान, नाजूक पावलं टाकणं, थोडं नखऱ्यानं, असा होता. आपल्याकडं 'ठुमकत' म्हणतात ना, त्याच्या आसपास. म्हणजे "नाचतंय की" म्हणणारं पोरगं न कळत माझ्यापेक्षा मुळाच्या जवळ गेलं होतं.

शब्द आला कुठून, तर अभ्यासकांचा कल जुन्या फ्रेंचकडं आहे. 'जाँ' किंवा 'जेंत' असं काहीसं विशेषण, अर्थ नाजूक, सुरेख, मुळात 'चांगल्या कुळात जन्मलेला'. त्याचं तरवाचक रूप 'जेन्सोर', म्हणजे अधिक नाजूक. आपण सुंदरचं सुंदरतर करतो तसं. त्या जेन्सोरचा इंग्रजांच्या तोंडात जिंजर झाला असावा. स्वयंपाकघरातला जिंजर ओळखीचा होता, कानाला तोच ऐकू आला. लोकांच्या तोंडी अनोळखी शब्द असाच ओळखीच्या शब्दाचा सदरा घालतो. आमच्या गल्लीत ॲपेंडिक्सला 'अपेंडिस' म्हणणाऱ्या आजी होत्या, त्यांना कोण हसणार?

फ्रेंच शब्दाच्या मागं लॅटिन 'जेनितुस' आहे, म्हणजे जन्मलेला. आणि इथं मी मोबाइल खाली ठेवला. कारण लॅटिनमधला हा 'जेन्' आणि संस्कृतातला 'जन्' एकाच मुळाचे. जन्म, जन, जात, सगळे त्याच घरातले. पण गंमत नुसती मूळ एक असण्यात नाही, अशी मुळं शेकड्यानं सापडतात. गंमत अर्थाच्या प्रवासात आहे. तिकडं 'चांगल्या कुळात जन्मलेला' वरून 'नाजूक, सुसंस्कृत' असा अर्थ झाला. आपल्याकडं त्याच मुळावरून, त्याच वाटेनं जाणारा एक शब्द आहे. अभिजात. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ कुलीन. मग सुसंस्कृत, उत्तम, दर्जेदार.

अभिजात शब्द बेळगावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला त्या रात्री आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके फेटे आणि भगवे झेंडे आले की माझा फोन अडकला. कन्नडला तो दर्जा २००८ सालीच मिळाला होता, त्यामुळं पलीकडच्या गल्लीतले लोक सोळा वर्षं थोडं वरून बघायचे, असं आमच्याकडच्यांचं म्हणणं. मी दोन्हीकडं ऐकून घेते. पण जिंजरली हा इंग्रजीतला एक बावळट दिसणारा शब्द अभिजातचा लांबचा मावसभाऊ निघावा, हे मला दर्जापेक्षा जास्त आवडलं.

या घराण्यातली आणखी माणसं इंग्रजीत आहेत. जेंटल, जेंटलमन ही उघड. 'जॉन्टी' हाही तिथलाच, फ्रेंच 'जांती'वरून आलेला; जॉन्टिली चालणं म्हणजे ऐटीत, मान वर करून चालणं. एकाच कुळातले दोघे भाऊ, एक ऐटीत चालतो आणि दुसरा पाय कुठं ठेवू विचारत. शेक्सपिअरच्या 'द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकात दासी खाली पडलेलं पत्र उचलते आणि मालकीण विचारते, एवढं जिंजरली काय उचललंस गं? दासी म्हणते, काही नाही. तिथं ठुमकणंही नाही आणि भीतीही नाही, नुसती बोटांची हलकी हालचाल आहे. आपण फुलपाखरू धरताना करतो तशी. शब्द त्या वेळी नाचातून बाहेर पडून भीतीकडं निघाला होता आणि मध्येच कुठंतरी उभा होता असं मला वाटतं. नाजूकपणे करायचं काम म्हणजे मोडेल अशा भीतीनं करायचं काम. तिथून पुढं नाजूकपणा गेला आणि भीती उरली.

तर आलं जिंजरलीतून गेलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं व्हायला हवं होतं, पण माझा खोकला उलट वाढला. मग खरा जिंजर कुठला?

तो आपल्याकडचा निघाला. इंग्रजी जिंजरच्या मागं लॅटिन 'झिंजिबेर', त्यामागं ग्रीक 'झिंगिबेरिस', त्यामागं पालीतला 'सिंगिवेर'. संस्कृतात 'शृंगवेर'. संस्कृत पंडितांनी त्याची फोड केली, शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर, शिंगाच्या आकाराचं ते शृंगवेर. आल्याचं बोट बघितलं तर पटतंही. पण ही फोडही आमच्या सरांच्या फोडीसारखीच, मागाहून बसवलेली. मूळ द्रविड भाषांतलं आहे. तमिळ-मल्याळममध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात आणि तमिळमध्ये 'वेर' म्हणजे मूळ, झाडाचं मूळ. दक्षिणेतून माल निघाला, त्याबरोबर शब्द निघाला, संस्कृतात जाऊन त्याला शिंग फुटलं आणि तो ग्रीक-रोमनांच्या स्वयंपाकघरात पोचला.

'वेर' वाचल्यावर मला पुढचं शोधावं लागलं नाही. तमिळ 'व'च्या जागी कन्नडमध्ये 'ब' येतो आणि 'बेरु' म्हणजे मूळ हे बेळगावातल्या मराठी पोरालाही माहीत असतं. शाळेत कन्नड शिकलोच की. आमच्या शेजारच्या अक्का धारवाडकडच्या. परसातला शेवगा पडला तेव्हा त्या भिंतीवरून ओरडून सांगत होत्या, बेरु कुजलंय म्हणून. म्हणजे माझ्या चहातल्या जिंजरचं शेपूट गेली तीस वर्षं शेजारच्या भिंतीवरून ऐकू येत होतं.

आल्यावरून बाजारातही गोंधळ असतोच. मराठीत ओलं ते आलं आणि वाळलेली ती सुंठ. आलं हे संस्कृत 'आर्द्रक'वरून आलेलं, त्यात आर्द्र म्हणजे ओल आधीच आहे. कन्नडमध्ये ओल्याला आणि वाळलेल्या दोन्हीला शुंठी. ओलं हवं तर 'हसी शुंठी' म्हणायचं. आमच्याकडं नवीन लग्न होऊन आलेली कोल्हापूरची सून गणपत गल्लीत सुंठ मागायला गेली आणि पाव किलो ओलं आलं घेऊन परत आली, तो किस्सा अजून प्रत्येक लग्नात निघतो.

एक गोष्ट वर्गात सांगता येण्यासारखी नाही, इथं सांगते. इंग्रजीत 'जिंजर अप' म्हणजे कुणाला तरतरी आणणं, चेतवणं. हा वाक्प्रचार खऱ्या आल्याचा. घोड्यांचे दलाल मरगळलेला घोडा विकायला काढताना त्याच्या शेपटीखाली, नको त्या जागी, आलं घालायचे. मग घोडा शेपूट वर करून थयथय करायचा आणि गिऱ्हाईक फसायचं. १७८५ साली लंडनमध्ये निघालेल्या रस्त्यावरच्या बोलीच्या एका कोशात याची नोंद आहे. म्हणजे खऱ्या जिंजरची चाल ही, आणि खोट्या जिंजरची ती. पोरानं म्हटलं तेच खरं, नाचतंय की.

आता मराठीत जिंजरलीला काय म्हणायचं, हा प्रश्न उरला. माझ्यापुढं तो कागदावर नव्हता, खोलीतून परसात जात होता.

माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. कन्नडमध्ये अत्ती म्हणजे आत्याही आणि सासूही, आणि आमच्या भागात ते मराठीतही चालतं. गेल्या पावसाळ्यात परसातल्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून त्यांचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. आयुष्यभर त्या बाईला मी कधी सावकाश चालताना बघितलं नव्हतं. मंगाईच्या जत्रेत गर्दी कापत अशी जायची की मागून आम्ही तिघी हरवायचो. ती बाई आता पुढच्या फरशीकडं असं बघते जसं काही तिथं खड्डा लपवून ठेवलाय.

तिच्या चालण्याला मी एकेक शब्द लावून बघितला. 'जपून' चालेल, पण जपून आपण पैसेही ठेवतो. 'बेतानं' यात माप आहे, धास्ती नाही. 'अलगद' हे हाताचं काम, झोपलेलं मूल खाली ठेवताना. 'बिचकत' मध्ये भीती आहे, पण ती समोरच्या माणसाची. 'दबकत' चोर जातो, 'चाचपत' आंधळा. 'सावकाश' सगळ्यात जवळचा वाटला होता. तो आत्तीही म्हणतात आणि शेजारच्या अक्काही. आत्ती पडल्या तेव्हा अक्का रोज दारात येऊन म्हणायच्या, "सावकाश बर्री." आत्तींना वाटतं शब्द मराठी, अक्कांना वाटतं कन्नड. फोड केली तर स-अवकाश, अवकाशासह, भरपूर जागा आणि वेळ असलेलं. आत्तींच्या चालण्यात तेच तर नाही. त्यांच्या दृष्टीनं सगळ्या जगात पाय ठेवायला चार इंच जागा उरलीय.

मला सर्वांत नेमकी चाल आठवते ती माहेरची, जांबोटीच्या बाजूची. रोपलावणीच्या दिवसांत डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन भाताच्या बांधावरून जायचं. दोन्हीकडं चिखलपाणी, बांध वीतभर रुंद, वरून संततधार. तिथं आधी अंगठा जातो. अंगठा मातीला विचारतो, मग चवडा, मग टाच, मग कुठं अंगाचं वजन. आणि डोक्यावरच्या बुट्टीला यातलं काहीच कळता कामा नये. आई पुढं असायची आणि मागं न बघता म्हणायची, "पाय बघून ठेव." त्या चालीला आमच्याकडं नाव नव्हतं. ज्याला रोज करायचं असतं त्याला नाव कुणी देत बसत नाही, बहुतेक.

पाय बघून ठेवणं. हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी बापूंबरोबर एसटीनं बेळगावला येताना घाटावळणावर कन्नड पाटी असायची, 'निधानवागि चलिसि'. हळू चालवा. मला मराठीतलं निधान माहीत होतं, भजनात यायचं, सुखनिधान, करुणानिधान. म्हणजे खजिना, ठेवा. मी बापूंना विचारलं, या वळणावर खजिना पुरलाय का? ते म्हणाले, "हळू नाही गेलं तर आपल्यालाच पुरतील." पुढं कधीतरी कळलं की दोन्हीकडं शब्द संस्कृतच आहे आणि मूळ अर्थ आहे खाली ठेवणं. जमिनीत ठेवलं ते मराठीत निधान झालं, ठेवा. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाशी, सबुरी. मी मनातल्या मनात तो अर्थ नेहमी पाय ठेवण्याशीच जोडते. ही जोडणी कोशातली नाही, माझी आहे. बावीस वर्षांच्या अनुभवानंतर एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आत्तींना व्यायाम शिकवायला येणारी मुलगीही हेच म्हणायची. आधी वॉकर ठेवा, मग दुखरा पाय ठेवा, मग चांगला पाय. ठेवा, ठेवा, ठेवा. एकदाही 'टाका' म्हणाली नाही. पाय टाकणं वेगळं आणि पाय ठेवणं वेगळं, हे मराठीत आपसूक आहे. इंग्रजीला त्यासाठी फ्रान्सहून शब्द आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी चूक कबूल केली. मुलांना शिक्षक चुकलेले आवडतात, त्यामुळं त्या दिवशी लक्ष चांगलं होतं. फळ्यावर मी जेनितुस, जन्, अभिजात असं लिहिलं, घोडा गाळला. मग म्हटलं, आता भाषांतर करा. अर्ध्यांनी 'जपून' लिहिलं, तेच बरोबर धरलं, परीक्षेत तेच चालणार आहे. येळ्ळूरच्या पोरानं लिहिलं, "म्हातारा पाय बघत बघत गेला." मी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांची चार एकर भातशेती आहे.

"तुझं आल्यासारखं कुठं गेलं?" मी विचारलं.

"ते चुकीचं होतं की, टीचर."

"चुकीचं होतं, पण वाईट नव्हतं."

हे त्याला कळलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नसतं.

क्लास सुटला तेव्हा पाऊस जोरात लागला होता. मुलं पिशव्या डोक्यावर घेऊन पळाली, येळ्ळूरचं पोरगं मात्र सायकलची चेन पडली म्हणून खाली पडवीतच उकिडवं बसलेलं. मी चेन बसवायला जुनं फडकं शोधत होते, तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. टक. मग पाय. मग पाय. टक. स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत अकरा फरश्या आहेत, मला पाठ झाल्यात. त्या सगळ्या पार करून आत्ती उंबऱ्यापाशी आल्या, उंबरा बघितला, पलीकडं जायचा विचार सोडला आणि तिथूनच म्हणाल्या,

"कुणाचं रे तू? पावसात कुठं जातोस. आल्यासारखं च्या घेऊन जा की."

पोरगं माझ्याकडं बघून हसलं. आत्तींना काही कळलं नाही, त्या चिडल्या; हसायला काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मी आत जाऊन चहा टाकला. आलं घालावं म्हणून टोपली बघितली तर संपलेलं होतं. वेलची घातली.